इंजन बंद पडल्यावर

पोटातलं लेकरू हलायला लागलं की आमच्या बीडकडं ते कुणाला सांगत नाहीत. सासूला नाही, जावेला नाही, नवऱ्यालाही शक्यतो नाही. कुणी विचारलंच तर "हाय की बरं" म्हणायचं आणि विषय बदलायचा. मी निघाले तेव्हा आईनं माझा पदर धरून बजावलं होतं, "परमुलखात चाललीस. पोटातलं पोटात ठेव. तिथल्या बाया कशा, त्यांच्या नजरा कशा, आपल्याला काय ठाऊक."

परमुलूख म्हणजे वसई. नवरा वालीवला एका कारखान्यात लेथवर लागला होता. तिथं कारखाने नुकते उभे राहायला लागले होते, दोन शेडांच्या मध्ये अजून भाताची खाचरं होती. थोरल्या मुलीला मी आईजवळ ठेवून आले. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं नवऱ्याच्या घरी, असा आमच्याकडचा नियम. नवऱ्याचं घर म्हणजे भाड्याची एक खोली असली तरी नियम तोच.

ती खोली होती वसई गावाबाहेरच्या एका वाडीच्या टोकाला. केळी, पानवेली, मोगरा अशी ती वाडी. पाण्याला बावखल, म्हणजे तिकडचं पायऱ्या नसलेलं रुंद तळं, आणि त्याच्या काठावर पाणी उपसायच्या इंजनाची खोली. आमची खोली त्या इंजनाच्या खोलीला चिकटूनच बांधलेली, मधे भिंत एकच. वाडीची मालकीण साठीची होती. सगळे तिला काकी म्हणत, म्हणून मीही म्हणायची.

काकी माझ्याशी बोलायची ती शाळेतल्या बाईसारखं, एकेक शब्द सुटा करून. पण सुनेशी बोलायची ती त्यांच्या घरच्या बोलीत. ती बोलीही मराठीच, पण मला चारातला एक शब्द लागायचा. दोघी माझ्याकडं बघून काही बोलत, सून हसे, आणि मला त्यातला फक्त 'पोट' एवढा शब्द कळे. परक्या भाषेत हसणाऱ्या बाईवर मी अजूनही विश्वास ठेवत नाही, मग तेव्हाची गोष्टच सोडा. शिवाय तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की पानवेलीत पाऊल टाकायचं नाही. दिवस गेलेली बाई आत शिरली की वेल करपतात, असं त्या घरात मानत. म्हणजे माझ्या सावलीनं हिचे वेल करपतात, आणि माझ्या पोटाची चौकशी मात्र हिला रोज हवी.

रोज म्हणजे खरंच रोज. मी पाटाला भांडी घासायला बसले की काकी वरून यायची.

"हललं का आज?"

"हो."

"कितीदा?"

आता सांगा, कितीदा हे कुणी विचारतं का? शेजारीण विचारते, भाकरी झाली का, कालवण कशाचं. पोर कितीदा हललं याचा हिशेब मागणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मी म्हणायची, "लई वेळा," आणि राखेचा हात आणखी जोरात फिरवायची.

शेजारच्या खोलीत साताऱ्याकडची एक बाई राहायची, तिचा नवरा आमच्या यांच्याच कारखान्यात. तिनं मला एकदा उंबऱ्यात बसवून हळूच सांगितलं, "म्हातारीपासून सांभाळून ऱ्हा. केसा नेती ती."

"कसल्या केसा?"

"कसल्या म्हंजे? ऑपरेशनच्या. तुझी एक हाय, आता दुसरं. दोन झाली की तू केस. दवाखान्यात नेऊन बसवली की तिला पैसं मिळत्यात."

नसबंदीचा जोर होऊन गेला त्याला फार काळ लोटला नव्हता. आमच्या गावात माणसं रात्र रात्र ज्वारीत जाऊन झोपली होती. त्यामुळे मला ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. उलट सगळं जुळलं. कितवा महिना, कितीदा हलतं, थोरली केवढी आहे, हे प्रश्न का, ते उमगलं. नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "तिच्यासंगं कुठं जायचं न्हाई. दाई बघून ठेवलीय मी."

असे दिवस चालले होते. चैत्र सरत आला होता, वाडीला रोज पाणी लागायचं, म्हणून सकाळी सुरू झालेलं इंजन दिवसभर चाले. काकीनं मला बसल्या बसल्या करायचं काम दिलं होतं. तोडून आणलेली विड्याची पानं निवडायची, देठ एका बाजूला लावायचे, आणि त्यांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधायच्या. पोट एवढं मोठं झालेलं, पाठीला आधार लागायचा. मी आपली इंजनाच्या भिंतीला टेकून, मांडीवर ओलं फडकं घेऊन बसायची. इंजन धडधडायचं. ती धडधड भिंतीतून पाठीत, पाठीतून पोटात उतरायची आणि पोटातलं पाणी सारखं थरथरायचं. मला ते बरं वाटायचं. वाटायचं, लेकरू जागं आहे, खेळतंय. कुणाला सांगायचं नव्हतंच, मनातल्या मनात म्हणायची, खेळ बाबा.

एक दिवस दुपारी इंजनाचा पट्टा तुटला.

एकदम सगळं गप्प झालं. केळीच्या पानांची सळसळ ऐकू यायला लागली, जी त्या खोलीत मी कधी ऐकलीच नव्हती. आणि माझं पोटही गप्प झालं. मी हातातलं पान खाली ठेवलं. वाट बघितली. पोटावर हात ठेवला, उजवीकडं, डावीकडं, खाली. थंडगार माठातलं पाणी प्याले. गूळ खाल्ला. बाजेवर आडवी झाले. एखादी मासोळी शेवाळात सरकावी तसं कुठंतरी काहीतरी झालं, की झालंच नाही, ते कळेना. मग मला आठवायला लागलं की भिंतीपासून लांब असताना, रात्री बाजेवर, चुलीपुढं, शेवटचं कधी हललं होतं? काल? परवा? सांगता येईना. इतके दिवस मी बाळ म्हणून इंजनच मोजत बसले होते की काय.

संध्याकाळी काकी इंजनाच्या खोलीकडून आली. हात तेलानं काळे.

"हललं का आज?"

मला "हो" म्हणायचं होतं. हात मात्र पोटावरून निघेना.

तिनं हात पदराला पुसले, तेल तसंच पदराला लागलं. "कधीपासून?"

"ठाऊक न्हाई."

ती वळून त्यांच्या बोलीत सुनेवर ओरडली. सून धावत रस्त्याकडं गेली. टांगा बोलवायला गेलीय, हे मला न कळण्यासारखं नव्हतं.

"हे येऊ देत कारखान्यातून," मी म्हटलं. "मग जाऊ."

"तो येईपर्यंत पोर थांबणार आहे, असं कुणी सांगितलं तुला?"

"नववा लागलाय काकी. शेवटाला निजून राहतंय म्हणत्यात."

"म्हणत्यात," ती म्हणाली. "बस टांग्यात."

मी बसले. का बसले ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. घाबरलेलं माणूस ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतं. टांग्यात काकी समोर बघत म्हणाली, "माझ्या लेकीचंही नवव्यातच असं गप्प झालं होतं. ती म्हणत होती जाऊ या. मीच म्हटलं, झोपलं असेल, उद्या बघू. उद्या गेलो तर उपयोग नव्हता." एवढंच. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मला वाटलं, केस नेताना सगळ्यांना हीच गोष्ट सांगत असेल.

दवाखान्यात डॉक्टरीण होती. तिनं लहान कर्ण्यासारखी एक नळी माझ्या पोटावर टेकवली आणि कान लावला. बराच वेळ ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, काही लपवतेय का. मग ती म्हणाली, "ठोके चांगले आहेत." तिनं पोट दाबलं, रक्तदाब घेतला, आणि तेवढ्यात लेकरानं आतून असं काही ढोसलं की नर्सबाईलासुद्धा वरून दिसलं.

मी तिला इंजनाचं सांगितलं. डॉक्टरीण हसली. "म्हणजे भिंत हलत होती आणि तू बाळाचं कौतुक करत होतीस?" मग हसू बाजूला ठेवून म्हणाली, "हे बघ. दुपारी जेवलीस की त्या भिंतीपासून लांब, डाव्या कुशीवर आडवी हो. हात पोटावर, मन पोटात. दुसरं काम नाही. प्रत्येक पोराची आपली एक रीत असते, ती ओळखून ठेव. त्या रीतीपेक्षा कमी वाटलं, नाहीतर हलणं निराळंच वाटलं, की त्याच दिवशी यायचं. गूळ खाऊन, पाणी पिऊन वाट बघत बसायचं नाही. सकाळ होण्याची वाट बघायची नाही."

"शेवटाला शांत होतं म्हणत्यात ना पण?"

"जागा कमी होते म्हणून लाथेऐवजी वळवळ वाटेल. पण हलणं कमी होत नाही. तसं सांगणारीला माझ्याकडे पाठव."

काकी दाराशीच उभी होती.

"आणि पुन्हा झालं तर पुन्हा ये," डॉक्टरीण म्हणाली. "आज बरं निघालं म्हणजे पुढच्या वेळी बरंच असेल असं नाही. दहादा आलीस तरी इथे तुला कुणी हसणार नाही."

दवाखान्यात कुणी हसलं नाही, पण घरी आल्यावर हसले. नवरा दारात वाट बघत होता. "काय निघालं?"

"काही न्हाई. बरं हाय."

"मग गेलीस कशाला? काय काय विचारलं तिथं?"

"कितवं लेकरू ते विचारलं."

"बघ," तो म्हणाला. "त्यांना तेवढंच पाहिजे असतंय."

साताऱ्याची शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "आज नुसती बघून ठेवलीय. पुढच्या खेपेला टेबलावर घेतील." आणि दुसऱ्या दिवशी नळावर बायकांत, "इंजनाचं बाळ कसंय?" म्हणून माझी चेष्टा झाली. काकीची सूनही त्यात होती.

पण मी जागा बदलली. पानांचं फडकं घेऊन चिकूच्या झाडाखाली बसायला लागले. दुपारी डाव्या कुशीवर पडून पोटावर हात ठेवायची. खरंच, त्याची एक रीत होती. मी जेवले की थोड्या वेळानं ते उजव्या बरगडीखाली कोपर खुपसायचं, मग सबंध अंग फिरवायचं, मग परत कोपर. संध्याकाळी दिवा लावताना आणखी एकदा. आईनं सांगितलेलं मी मोडत नव्हते, कुणाला सांगत नव्हते. काकी विचारायची तेव्हा आता फक्त मान हलवायची.

आठवड्याभरानं एक दुपार अशी आली की कोपर आलं नाही. फिरणं आलं, पण निम्म्यातच राहिलं, जसं कुणी कूस बदलायला गेलं आणि कंटाळून तसंच पडून राहिलं. बंद नव्हतं ते. हलत होतं. म्हणून तर जीव अधिकच धास्तावला. पुरतं बंद असतं तर ओरडत सुटले असते. हे जरासं कमी, याला काय म्हणायचं? गेले आणि पुन्हा काही निघालं नाही तर? नळावर पुन्हा हसतील. नवरा सकाळीच बजावून गेला होता, "परत त्या म्हातारीसंगं गेलीस तर बघ." आणि काकीला सांगावं तर तिची केस पक्की.

मी पडल्या पडल्या एकेकाचं बोलणं पारखत गेले. आई म्हणाली होती, सांगू नको. तिच्या पोटची दोन गेली होती, कशानं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. शेजारीण म्हणाली, टेबलावर घेतील. ती स्वतः कधी दवाखान्यात गेलीच नव्हती. नवरा म्हणाला, दाई आहे. दाईनं मला अजून बघितलंही नव्हतं. काकीचं तर काही विचारूच नका. सगळ्यांवर संशय घेऊन झाला आणि शेवटी उरलं ते पोटातलं गप्प राहणं. त्याच्यावरही मी संशय घेतला. म्हटलं, तुझं काहीतरी खोटं चाललंय.

मी उठले, लुगडं नीट केलं, आणि वाडीच्या मागच्या बाजूनं, काकीच्या ओट्यावरून दिसणार नाही अशा बेतानं नाक्यावर गेले. नेतच असतील केसा, तर माझी मीच जाईन, म्हातारीच्या नावावर कशाला. टांग्यात बसल्यावर दोनदा मागं वळून बघितलं.

दवाखान्यात बाकावर पाचूबंदरची एक कोळीण माझ्या आधी होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं गो?"

मी कुणाला सांगत नसते. पण ती कुठली कोण, पुन्हा कधी दिसणार. म्हटलं, "हलणं कमी झालंय."

"मग बसलीस काय? जा आत. माझं कानाचं दुखनं हाय, ते कुठं पलून जातंय."

नर्सबाईनं नळी लावली. मग ती उठून बाहेर गेली आणि डॉक्टरणीला घेऊन आली. डॉक्टरणीनं ऐकलं, नळी हलवली, पुन्हा ऐकलं. या वेळी तिचा चेहरा मला वाचता आला.

"ठोके मधेच मंदावतायत. दमलंय पोर. आतलं पाणीही कमी वाटतंय. आज काढायला हवं, वाट बघण्यात अर्थ नाही. ऑपरेशन करावं लागेल."

तो शब्द आलाच. म्हटलं, "कंचं ऑपरेशन?"

"पोटावर छेद देऊन बाळ काढायचं."

"आणि दुसरं? ते बंद करायचं?"

ती थांबली. बहुधा आधी कळलं नाही, मग कळलं. "ते तू स्वतः मागितल्याशिवाय कुणी करणार नाही."

असं सगळेच म्हणतात. मी खाटेची कड धरून उभी राहिले. तेवढ्यात दारात काकी दिसली, धापा टाकत. टांगेवाला त्यांच्याच आळीतला, त्यानं परत जाऊन सांगितलं असणार. मला वाटलं आता ओरडेल, मला न सांगता का आलीस म्हणून.

"एकटी आलीस?"

"हो."

"बरं केलंस."

तिला राग आला नाही, याचाही मला संशय आला. पण तिथं माझं दुसरं कोण होतं? नवरा वालीवला, आई सव्वाशे कोसांवर. डॉक्टरीण परकी, नर्स परकी. त्यातल्या त्यात जिच्यावर मी सगळ्यात जास्त दिवस नजर ठेवली होती ती हीच. मी तिचं मनगट धरलं. "काकी, तुम्ही आत या. ते काय काय कापतात ते बघा."

"मला आत घेणार नाहीत, पोरी."

"मग दारात बसा. उठायचं न्हाई."

"बसते." मग ती डॉक्टरणीकडं वळली आणि शाळेतल्या बाईच्या सुटसुटीत मराठीत म्हणाली, "बाई, ही म्हणते तेवढंच कापायचं. जास्त काही केलंत तर मी वाडीतल्या सगळ्या बायका घेऊन इथे येईन."

"या," डॉक्टरीण हात धूत म्हणाली. "तपासून घेऊ सगळ्यांना."

कमरेत सुई दिली. खालचं अंग माझं राहिलं नाही. छातीशी हिरवं कापड आडवं बांधलेलं, पलीकडचं दिसेना. मी सारखी विचारत होते, आता काय करताय, आता काय. कुणीतरी आतून भांडं ओढावं तसं वाटलं. मग काहीच नाही. मोठं माणूस रडत नाही आणि लहानही रडत नाही, अशी ती वेळ होती. कुणीतरी चापट्या मारत होतं. नर्सबाई म्हणाली, "अरे रड ना." आणि मग ते रडलं, चिडल्यासारखं, बारीक.

"मुलगा," डॉक्टरीण म्हणाली.

"आता काय करताय?"

"शिवतेय. फक्त शिवतेय."

बाहेर आणलं तेव्हा नवरा आला होता, कारखान्याचे कपडे तसेच. तो माझ्याकडं आला नाही, आधी काकीसमोर जाऊन उभा राहिला. "काकी, खरं सांगा. तुम्हाला यात काय मिळतंय?"

काकी दारातल्या स्टुलावरून पहिल्यांदाच उठली, गुडघे धरत. "मला? घरी चुलीवर भात टाकून आलेय. तो करपला असेल, तो मिळेल." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "विचारून घेतलंय. एकच कापलंय."

केसा नेण्याचं तिला खरंच काही मिळे की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मिळतही असेल. मी कधी विचारलं नाही. पुढं नर्सबाई कागद भरायला, रुग्णाला कुणी आणलं म्हणून विचारत आली, तेव्हा काकी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हिलाच विचारा. चालत आली ही." आणि भाताची काळजी करत निघून गेली.

डॉक्टरीण नंतर म्हणाली, नाळ मानेला होती, पाणी आटत आलं होतं, उद्यावर टाकलं असतं तर सांगता येत नव्हतं. मी तिलाही दोनदा विचारलं, नक्की ना. मुलगा सुस्त होता, दूध ओढायला दमायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला कुशीत घेऊन पडले होते, तेव्हा त्यानं पहिल्यांदा जोर काढून पाय झाडला. तो नेमका टाक्यांवर बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

नर्सबाई म्हणाली, "टाक्यांना लागेल. बाळाला पलीकडे ठेवू का?"

मी म्हटलं, राहू द्या.